दहा राग आणि एक ठेका: चरणजित सिंग यांची रेकॉर्ड

लेकीने वाढदिवसाला दिलेली ही रेकॉर्ड दोन महिने झाले, आमच्याकडे रोज लागते. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. मूळची १९८२ सालची, २०१० मध्ये पुन्हा छापलेली. मी डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं कीबोर्ड वाजवला, त्यामुळे माझे कान आधी वाजवणाऱ्याच्या हाताकडेच जातात.

चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये अनेक वर्षं वाजवणारे मुंबईचे वादक. दुसऱ्यांच्या गाण्यांत आयुष्य गेलेल्या या माणसाने इथे रोलंड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतली. जुपिटर-८ या सिंथेसायझरवर राग, टीआर-८०८ वर ठेका आणि टीबी-३०३ वर बास. हे ३०३ खरं म्हणजे गिटारवाल्याला एकट्याने वाजवताना बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं. त्यात सोळा घरांत एकेक सूर भरायचा, की यंत्र तेच पुन्हा पुन्हा वाजवतं, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय. त्या घसरण्यात त्यांना मींड दिसली असणार. आम्हा पेटी-कीबोर्डवाल्यांना मींड मिळत नाही, ही जन्माची खंत. म्हणून खाली बास सरकत जातो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कलावतीपासून सुरुवात करावी. पाचच सूर, त्यामुळे यंत्राच्या वेगातही राग विस्कटत नाही. मग मालकंस. ललत मात्र शांतपणे ऐका, शुद्ध आणि तीव्र अशा दोन मध्यमांची ती जवळीक या चकचकीत आवाजातही ओळखू येते.

उणीव सांगायलाच हवी. ठेका जवळजवळ सगळीकडे सारखाच. डिस्कोत प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा, ना खाली (तालाची हलकी जागा) ना सम (आवर्तनाची पहिली मात्रा). त्यामुळे समेवर येण्याचं सुख इथे नाही. आलापीलाही जागा फार थोडी, मेघमल्हार तर भरून येण्याआधीच संपतो.

परदेशात ही रेकॉर्ड गाजली ती ‘ॲसिड हाऊसच्या आधीचं ॲसिड हाऊस’ म्हणून. ॲसिड हाऊस म्हणजे याच ३०३ च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं नाचाचं संगीत. शिकागोच्या फ्युचर या गटाची त्या प्रकारातली पहिली मानली जाणारी रेकॉर्ड १९८७ ची, म्हणजे पाच वर्षं नंतरची. हिशेब बरोबर आहे, पण मला हे कौतुक अपुरं वाटतं. चरणजितजी शिकागोची वाट दाखवायला बसले नव्हते. नवं वाद्य हाती आल्यावर आपल्याकडचा वादक त्यावर आधी राग काढून बघतो, तेच त्यांनी केलं. ते २०१५ मध्ये गेले. त्याआधी युरोपातल्या तरुण श्रोत्यांसमोर त्यांना हे वाजवायला मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

घ्यायची असेल तर जरूर घ्या, फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बास पार नाहीसा होतो, आणि अर्धा राग तिथेच आहे.