एच. पायलोरीवर प्रोबायोटिक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एंडोस्कोपीच्या वेळी माझ्या जठराच्या अस्तराचा मोहरीएवढा तुकडा काढून एका पिवळ्या जेलीवर ठेवण्यात आला होता, आणि मी गुंगीतून पूर्णपणे बाहेर येईपर्यंत ती जेली गर्द गुलाबी झाली होती. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू युरियेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतो, त्या विकरामुळे युरियापासून अमोनिया बनतो आणि अमोनियाच्या आवरणात हा जिवाणू जठरातील तीव्र आम्लातही जिवंत राहतो. जेलीचा रंग बदलतो तो याच अमोनियामुळे. करपट ढेकरा, उपाशीपोटी होणारी जळजळ आणि दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे, या वर्षभराच्या तक्रारींचे कारण त्या दिवशी मला समजले.

त्यानंतर जे घडले त्यात पहिली चूक माझीच होती. मला दोन अँटिबायोटिके आणि आम्ल कमी करणारे औषध असा १४ दिवसांचा कोर्स लिहून दिला होता. चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले, तोंड सतत कडू राहू लागले आणि सहाव्या दिवशी मी सर्व गोळ्या बंद केल्या. जळजळ तोपर्यंत कमी झाली होती, त्यामुळे एवढे पुरेसे असावे, असे मी मनाशी ठरवून टाकले. अर्धवट सोडलेल्या कोर्समुळे जिवाणू पूर्ण मरत नाहीत आणि जे उरतात ते त्याच औषधाला दाद न देणारे असू शकतात, हे मला नंतर समजावून सांगण्यात आले. महिन्याभरात जळजळ पूर्वीसारखीच परतली.

अँटिबायोटिकांची धास्ती बसल्यामुळे मी पुढचे तीन महिने केवळ प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी पडावेत म्हणून घेतलेले जिवंत सूक्ष्मजीव, यांवर विसंबून लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणूंच्या कॅप्सूल घेतल्या. हे जिवाणू तयार करतात ते लॅक्टिक आम्ल पायलोरीची वाढ रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे, आणि तेवढ्याच आधारावर मी ही आशा धरली होती. पोट फुगणे दुसऱ्या आठवड्यापासून खरोखरच कमी झाले, शौचाची वेळ नियमित झाली, जळजळही थोडी सुसह्य वाटू लागली. म्हणूनच तीन महिन्यांनंतरच्या श्वास चाचणीचा निकाल माझ्या मनाला फार लागला. या चाचणीत कार्बन १३ असलेला युरिया पाण्यातून पितात आणि काही वेळाने पिशवीत श्वास फुंकतात. जिवाणू असल्यास तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन श्वासावाटे बाहेर पडतो. माझी चाचणी स्पष्टपणे पॉझिटिव्ह आली. जठराच्या श्लेष्मल थरात खोल जाऊन बसलेल्या जिवाणूला वरून येणारे पाहुणे जिवाणू हुसकावू शकत नाहीत, आणि काचेच्या बशीत जे घडते ते जठरात घडेलच असे नाही. एकट्या प्रोबायोटिकने हा संसर्ग जातो अशा रुग्णांचे प्रमाण फारच थोडे असते. पोटाला बरे वाटणे आणि संसर्ग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न कळल्यामुळे माझे तीन महिने वाया गेले, याची खंत मला आजही वाटते. या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणत बसण्याजोगा हा विषय नाही.

दुसऱ्या वेळी बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारे औषध अशा चार औषधांचा १४ दिवसांचा कोर्स मिळाला. मागची हकिकत ऐकून डॉक्टरांनी त्यासोबत सॅकरोमायसिस बुलार्डी हे प्रोबायोटिक दिले: २५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पहिल्या दिवसापासूनच. हे जिवाणू नव्हेत, तर यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी आहे. आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनामध्ये लिची आणि मँगोस्टीन या फळांच्या सालींवरून ते वेगळे केले. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिके त्याला मारू शकत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात हाच मुद्दा सर्वांत मोलाचा ठरला. लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल अँटिबायोटिकपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवून घ्यायला सांगतात. दिवसातून चार वेळा औषधे घेणाऱ्या माणसाने हे अंतर जमवायचे कसे, हा प्रश्नच येथे उरला नाही.

ते १४ दिवस सोपे गेले असे मी म्हणणार नाही. जिभेवर धातूची चव होती, बिस्मथमुळे शौच काळे होत होते (याची पूर्वकल्पना दिली नसती तर मी नक्कीच घाबरले असते) आणि सकाळी मळमळत असे. मात्र जुलाब केवळ दोन दिवस झाले आणि तेही सौम्य होते. प्रत्येक मात्रेसमोर खूण करण्यासाठी मी एक कागद स्वयंपाकघरात लावला होता आणि त्यावरील एकही चौकोन रिकामा राहिला नाही. दोन्ही कोर्समधली औषधे वेगळी होती, त्यामुळे सगळे श्रेय मी बुलार्डीला देऊ शकत नाही. तरीही अनेक अभ्यासांचा कल असाच आहे की उपचारासोबत दिलेली काही प्रोबायोटिके जुलाबासारखे दुष्परिणाम कमी करतात. कोर्स शेवटपर्यंत नेण्याचे बळ मला त्यातून मिळाले.

वापरताना एक चूक झाली, ती सांगायला हवी. कॅप्सूल गिळताना मळमळते म्हणून पहिल्या दोन दिवशी मी ती उघडून आतली फिकट भुरी पूड गरम पाण्यात ढवळली. पावासारखा आंबूस वास आला आणि मला ते औषध चांगले विरघळल्याचे लक्षण वाटले. प्रत्यक्षात तेवढ्या उष्णतेने यीस्ट मरते. तिसऱ्या दिवसापासून साधे पाणी वापरले. बुरशीविरोधी गोळ्या चालू असतील तर त्यांनीही हे यीस्ट निकामी होते. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी बसवलेली आहे, त्यांनी हे घेऊच नये, कारण अशा रुग्णांत यीस्ट रक्तात पसरल्याची उदाहरणे आहेत.

कोर्स संपल्यानंतर श्वास चाचणीसाठी मी सहा आठवडे थांबले. अँटिबायोटिके आणि बिस्मथ संपून किमान चार आठवडे आणि आम्लाचे औषध थांबवून दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर जिवाणू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. या वेळी ती खऱ्या अर्थाने निगेटिव्ह आली. निकालाचा कागद मी तीन वेळा वाचला.

आतड्याची घडी पुन्हा बसावी म्हणून मी नंतर अनेक प्रजातींची एकत्रित कॅप्सूल सुरू केली आणि ती दोन महिने घेतली. तिचा मला जाणवण्याजोगा फरक पडला नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की अँटिबायोटिकनंतर असे मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळचे जिवाणू, काहीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, उशिरा परतले. अभ्यासात माणसे मोजकीच होती, त्यामुळे तो अंतिम शब्द नव्हे. पण ठोस कारणावाचून महिनोन्‌महिने कॅप्सूल घेत राहण्याचा माझा उत्साह त्याने ओसरला. डॉक्टरांशी बोलून मी ती बंद केली. त्याला आता पाच आठवडे झाले आहेत. जळजळ नाही, सकाळी उठल्यावर भूक लागते, आणि बुलार्डीच्या उरलेल्या सहा कॅप्सूल, पुढे कधी अँटिबायोटिके घ्यावी लागली तर डॉक्टरांना विचारून वापरण्यासाठी, मुदतीची तारीख पाहून कोरड्या जागी ठेवल्या आहेत.