नेशन्स कप की प्रो लीग : महिला हॉकीतील दोन वेगळ्या परीक्षा

प्रो लीग या वरच्या स्तरावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 9 संघ, प्रत्येकाचे 16 सामने, तेही महिनोन्‌महिने. एखादा पराभव पचतो. सामना बरोबरीत सुटला तर दोघांना 1-1 गुण, शिवाय शूटआउट (एकटी खेळाडू विरुद्ध गोलकीपर, अशी बरोबरी फोडणारी फेरी) जिंकणाऱ्याला 1 बोनस. तळाचा संघ मात्र खाली घसरतो. 2024-25 मध्ये भारतीय महिलांवर तीच वेळ आली.

खालच्या स्तरावरचा नेशन्स कप जास्त निष्ठुर. 2022 साली व्हॅलेन्सियात पहिली स्पर्धा झाली : 8 संघ, चारचे दोन गट, मग थेट उपांत्य फेरी. प्रो लीगमध्ये बढतीची जागा एकच. भारताने गटातले तिन्ही सामने जिंकले, तरी उपांत्य फेरीत आयर्लंडशी 1-1 बरोबरी झाली आणि सगळं शूटआउटवर आलं. तिथे गोल करायला फक्त 8 सेकंद मिळतात. गोलकीपर पुढे येऊन कोन बंद करते आणि घाईत ड्रॅग (चेंडू स्टिकने बाजूला ओढणं) लांबला की संधी गेली. ते निभावलं. अंतिम सामन्यात गुरजित कौरच्या एकमेव गोलने स्पेन हरलं.

म्हणून लीगसाठी राखीव खेळाडूंची फळी वाढवावी, कपसाठी पेनल्टी कॉर्नर (गोलजवळच्या फाउलबद्दल मिळणारी ठरीव संधी) आणि शूटआउट घोटून घ्यावेत. नवोदितांना आजमावायला लीगच बरी.