पिसवांसाठी मानेवरचे थेंब की पोटातली गोळी? आणि घराचं काय करायचं

कुत्र्याला पिसवा झाल्यात की नुसती खाज आहे, हे आधी नक्की करा. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडापाशी फिरवायची, निघालेली काळी पूड ओल्या कापसावर ठेवायची आणि थोडं थांबायचं. कडेनं तांबूस ओघळ उमटला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच वाळलेलं रक्त. ओघळ नाही उमटला तर ती माती. ज्यांच्या कापसावर तांबूस उमटलंय आणि आता काय आणायचं या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या कुत्रीचं नाव काळी. गावठी, मध्यम अंगाची, दाट केसांची. घर साताऱ्यात, माहुलीच्या बाजूला, जुनं बैठं. खाली शहाबादी फरशी, मागं परसू आणि भिंतीला लागून शेजाऱ्यांचा गोठा. हे आधी सांगतो, कारण माझं मत या घरातून आणि या कुत्रीवरून बनलंय. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पगचा हिशेब वेगळा निघू शकतो.

थेंब आणि गोळी सोडून बाकीचं पटकन उरकतो. शाम्पूनं त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा मरतात, पण संध्याकाळी गोधडीतून नव्या चढतात. पावडर कुत्रं चाटतं, म्हणून मी ती घरात आणत नाही. आपल्याकडं पूर्वी गॅमेक्सिन सर्रास भुरभुरायचे. त्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर भारतात १९९७ पासून बंदी आहे, तरी एखाद्या माळ्यावर जुना डबा निघतो. तो कुत्र्याच्या जवळपासही नको. कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ घातली तर खाजेला आराम पडतो, आई अजूनही घालते आणि मी अडवत नाही, पण पिसवा त्यानं संपत नाहीत. औषधी पट्टा चांगला असतो. मात्र सतत भिजणाऱ्या कुत्र्यावर त्याची मुदत कमी होते. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्याला लावणारे लोक आमच्या आळीतही आहेत. प्रमाण जरा चुकलं तर कुत्रं थरथरायला लागतं, लाळ गाळतं. ते करूच नका.

उरले दोघं.

थेंब म्हणजे बहुतेक वेळा फिप्रोनिल, आणि चांगल्या जोडीत त्याच्यासोबत मेथोप्रिन. फिप्रोनिलनं मोठी पिसू मरते, मेथोप्रिन अंडी आणि अळ्या पुढं वाढू देत नाही. थेंबांची जमेची बाजू मोठी आहे. औषध त्वचेच्या तेलातून अंगभर पसरतं आणि पिसू नुसती संपर्कात आली तरी मरते, तिनं चावायची गरज नाही. पोटात काही जात नाही, त्यामुळं ज्यांचं कुत्रं नाजूक पोटाचं आहे त्यांना निर्धास्त वाटतं. गोळीपेक्षा स्वस्त पडतात. महिन्याला एक नळी, केस बाजूला सारून दोन खांद्यांच्या मधोमध थेट कातडीवर. तिथं जीभ पोचत नाही.

गोळीत दोन नावं जास्त ऐकू येतात. अफॉक्सोलानेर, जे नेक्सगार्डमध्ये असतं आणि महिना टिकतं. आणि फ्लुरालानेर, जे ब्राव्हेक्टोमध्ये असतं आणि बारा आठवडे टिकतं. औषध रक्तात उतरतं, पिसू रक्त प्यायली की मरते. म्हणजे एकदा तरी चावा बसतोच. हा मुद्दा थेंबांच्या बाजूनं जातो आणि तो मी लपवणार नाही. पण पिसू अंगावर चढल्यावर मादीला अंडी घालायला साधारण एक-दोन दिवस लागतात. गोळी तिला त्याआधीच गाठते. एक मादी पुढं दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, तेव्हा हा एक-दोन दिवसांचा फरक किती मोठा आहे बघा.

कागदावर पाहिलं तर दोघं तोडीस तोड आहेत. माझ्यासाठी निकाल लागला तो एका कटकटीवर.

थेंब टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कुत्रं भिजवायचं नाही. अंघोळीनं कातडीचं तेल धुऊन जातं आणि औषध पसरायला तेच तेल लागतं. वाचायला ही अट साधी वाटते. आता साताऱ्यातला आषाढ डोळ्यांपुढं आणा. झड लागलेली, अजिंक्यतारा सकाळपासून ढगात, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. अशात कुत्रं चार दिवस कोरडं ठेवायचं. काळीला शी-शूसाठी बाहेर न्यावंच लागतं आणि पाच मिनिटांत ती पोटापर्यंत चिंब होते. टॉवेलनं पुसली तर वरचे केस कोरडे दिसतात, खाली बोट घातलं की ओल तशीच. पावसानं उघडीप दिली तर दुसरी अडचण. माहुलीला शाहू महाराजांच्या समाधीजवळ त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, तिथपर्यंत आमची फेरी असते. तिथून घाट दिसला की काळी थेट कृष्णेकडं धावते. तिला साखळीला ओढून परत आणायचं, घरात आल्यावर ओसरीला बांधून ठेवायचं. ती रात्रभर कुंईकुंई करते, घर जागं. त्यातच मानेवर तो तेलकट चट्टा. मुलगी लहान आहे, शाळेतून आली की पहिली मिठी काळीच्या गळ्याला. तिला दोन दिवस लांब ठेवणं हे कुत्रीला बांधण्यापेक्षा अवघड.

खरी पंचाईत अशी की पिसवांनाही हीच हवा लागते. त्यांच्या अळ्या कोरड्या हवेत जगत नाहीत, दमट आणि उबदार हवेत फोफावतात. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडं नेमकी तशीच हवा. म्हणजे औषधाची गरज ज्या महिन्यांत सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत थेंबांना कोरडं अंग मागायचं. उन्हाळ्यात थेंबांनी आमच्याकडं छान काम केलं, पावसाळ्यात मला फरक फार जाणवला नाही. हे माझ्या डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगतोय, मोजमाप केलेलं नाही.

गोळीला पावसाशी देणंघेणं नाही. संध्याकाळच्या भाकरी-दुधासोबत दिली की झालं. फ्लुरालानेरची गोळी तर जेवणासोबतच द्यावी, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. दुसऱ्या दिवशी काळी नदीत डुंबली तरी हरकत नाही, मुलीनं मिठी मारली तरी नाही. शेजारी गोठा असल्यानं गोचिडांचा त्रासही असतो, आणि गोचीड ताप किती वाईट हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गोळी गोचिडांवरही चालते. (थेंबही चालतात, पण पुन्हा तोच कोरडेपणाचा मुद्दा.) वजनाप्रमाणे गोळी वेगळी असते. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहून आकडा वजा करायचा. मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून दोघांत वाटायची नाही.

आता गोळी कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्या कुत्र्याला कधी फिट आली असेल त्याला ही गोळी डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये या गटातल्या सगळ्याच औषधांबद्दल सूचना काढली होती की काही कुत्र्यांत झटके, थरथर, तोल जाणं असे परिणाम दिसलेत. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, काळीलाही झालं नाही. पण पूर्वइतिहास असेल तर थेंबच बरे. अगदी लहान पिल्लांनाही गोळी चालत नाही, वयाची आणि वजनाची अट पाकिटावर असते. त्यांच्यासाठी फिप्रोनिलचा फवारा डॉक्टरांना विचारून वापरता येतो. पिल्लू मलूल असेल आणि हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर औषधांची तुलना बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिसवा पिल्लाचं रक्त संपवू शकतात.

घरात मांजर असेल तर आणखी एक. कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजरासाठी जहर आहे. नळीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नका.

घराकडं वळू, कारण निम्म्याहून जास्त लढाई इथं आहे. कुत्र्यावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा जेमतेम वीसावा भाग. बाकीचं सगळं अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत फरशीच्या सांध्यांत, गोधडीच्या शिवणीत, सोफ्याच्या खाली. इथंही निवड दोनांत आहे: फवारणीवाल्याला बोलवायचं की केरसुणी, ऊन आणि गरम पाणी.

फवारणी आम्ही करून पाहिली. स्वयंपाकघर रिकामं करायचं, भांडी झाकायची, आईला आणि मुलीला दिवसभर पाहुण्यांकडं पाठवायचं. माणूस कामाचा होता, त्याची तक्रार नाही. पण कोष चिकट धाग्याचा असतो, त्यावर धूळ बसते आणि फवारा आत पोचत नाही. आतली पिसू महिनोन्‌महिने तशी राहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, आपला उच्छ्वास जाणवला की बाहेर येते. मुंबई-पुण्याला असणारी मंडळी दिवाळीत गावचं बंद घर उघडतात आणि पहिल्याच संध्याकाळी पोटऱ्यांवर लाल ठिपके उठतात, त्यामागं हेच. फवारणी करायचीच असेल तर औषधात अळ्यांची वाढ थांबवणारा घटक आहे का, एवढं विचारा. पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रिन असेल तर पैसे कामी येतील.

आमच्या घराला मात्र झाडणं जास्त मानवलं. फरशीच्या सांध्यांतली माती जुन्या टूथब्रशनं उकरून काढायची, व्हॅक्यूम असेल तर उत्तमच. रोज झाडल्यानं अंडी तर निघतातच, शिवाय त्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा लवकर बाहेर येतात आणि काळीच्या अंगावर चढून गोळीनं मरतात. हे गणित मला फार पटलं: कुत्र्याला घराबाहेर काढायचं नाही, तिला घरात हिंडू द्यायचं. काळीची वाकळ आठवड्याला गरम पाण्यातून काढायची आणि ऊन पडेल तेव्हा गच्चीवर कडक वाळवायची. पावसाळ्यात वाकळीऐवजी पोतं बरं, फेकून नवं टाकता येतं. सांधे सिमेंटनं भरून घेतल्यावर आणखी फरक पडला. ज्यांची फरशी जुनी आहे त्यांनी फवारणीचे पैसे गवंड्याकडं वळवायला हरकत नाही, असं मला वाटतं.

गोळी दिल्यावर दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, एखाददुसरी पिसू दिसत राहील. ते जुने कोष फुटत असतात. या काळात घाबरून वरून थेंबही टाकू नका, पट्टाही बांधू नका. जंताचं औषध मात्र विचारून घ्या. अंग चावताना कुत्रं पिसू गिळतं आणि तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर तोच. आणि पिसवा गेल्या तरी कातडी लाल, केस गळालेले असं राहिलं, तर गावातल्या डॉक्टरांना दाखवून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येईल का ते विचारा. महामार्गावरच आहे.

कुत्रं घरातच असतं, भिजत नाही, खर्चाचाही विचार आहे, तर थेंब घ्या, काही बिघडत नाही. भिजणारं, हिंडणारं, गोठ्याशेजारी राहणारं कुत्रं असेल तर मी गोळीकडं झुकेन. आमच्याकडं पहिली गोळी वळीव सुरू झाला की मे संपता संपता दिली जाते, पुढची श्रावणात. हिवाळ्यात फणी फिरवून बघतो आणि पूड निघाली तरच पुढचा विचार करतो.