गिगसाठी बासचा सेटअप: आधी स्पीकर, मग वॉट, पेडलं शेवटी

बास गिटार घेऊन गिग (लाइव्ह कार्यक्रम) करणाऱ्याने पैसे आधी स्पीकरवर घालावेत, मग हेडवर (म्हणजे अँपवर) आणि सगळ्यात शेवटी पेडलांवर, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या इफेक्टच्या डब्यांवर. छोटे क्लब, बंद हॉल, मोकळ्या मैदानातलं स्टेज अशा सगळ्या ठिकाणी हा सेटअप बरेच महिने वाजवल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. खरेदीच्या वेळी चर्चा नेमकी उलट्या क्रमाने होते. पेडलांवर तासन्‌तास बोलणं होतं, हेडच्या वॉटवर भांडण होतं आणि स्पीकर बॉक्स उरलेल्या पैशांत उरकला जातो.

काय वापरतोय ते आधी सांगतो. 500 वॉटचं क्लास डी प्रकारचं हलकं हेड, 12 इंची एकेक स्पीकर असलेले 8 ओहमचे (ओहम म्हणजे बॉक्सचा विद्युत विरोध) दोन बॉक्स, आणि पेडलांच्या बोर्डवर ट्यूनर, ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा सूर जोडणारं), कॉम्प्रेसर (मोठे ठोके दाबून आवाज सारखा करणारं), ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं), हाय-पास फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा), याच क्रमाने. बास चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला). बँडमध्ये ड्रमर, दोन गिटार, कीबोर्ड आणि दोन गायक. एवढ्या गर्दीत बासची जागा आपोआप मिळत नाही, ती करून घ्यावी लागते.

वॉटचा हिशोब एकदा समजून घेतला की पुढचं सोपं होतं. 500 च्या जागी 1000 वॉटचं हेड आणलं तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, तोही त्याच स्पीकरने तेवढी पॉवर पेलली तर. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दसपट पॉवर. उलट आहे त्याच हेडला तसाच दुसरा बॉक्स जोडला की दोन फायदे एकदम पदरात पडतात. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की लोड 4 ओहम होतो आणि हेड पूर्ण ताकदीने चालतं. माझं हेड एका बॉक्सला 300 वॉटच देतं, दोन जोडले की 500. शिवाय हवा ढकलणारा कोन (स्पीकरचा पडदा) दुप्पट मोठा होतो. दोन्ही मिळून खालच्या सुरांत 5 डेसिबलच्या आसपास फरक पडतो. हा फरक पहिल्याच गाण्यात ड्रमरला जाणवतो, त्याला सांगावं लागत नाही.

म्हणूनच पहिला बॉक्स घेताना 4 ओहमचा घेऊ नका, 8 चाच घ्या. बहुतेक छोट्या हेडची किमान मर्यादा 4 ओहम असते. 4 चा एक बॉक्स घेतला की दुसऱ्याला जागाच उरत नाही.

बॉक्सच्या माहितीपत्रकात 'किती वॉट पेलतो' हे ठळक छापलेलं असतं. तो आकडा स्पीकरची कॉइल जळायची मर्यादा सांगतो, आवाज किती निघेल ते सांगत नाही. आवाजासाठी सेन्सिटिव्हिटी पाहायची: 1 वॉट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल. 97 आणि 100 डेसिबलचे दोन बॉक्स शेजारी ठेवले, तर 97 वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट पॉवर लागते. आता इथे कुणालाच पळवाट नाही. खोल बास, छोटा बॉक्स आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत; कोणत्याही दोन निवडा, तिसरी सोडावी लागते. स्पीकर बनवणारे याला हॉफमनचा नियम म्हणतात. इवलासा बॉक्स 'खूप खोल आणि खूप मोठा' वाजतो असं कुणी सांगितलं तर सेन्सिटिव्हिटीचा आकडा मागा.

मी काय सोडलं? खोल बास सोडला, आणि त्याचं अजिबात दुःख नाही. कारण नीट सांगतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

मोकळी ई तार 41.2 हर्ट्झवर वाजते. पण आपण तिला ओळखतो ते बरंचसं 82 हर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकवरून (मूळ सुराच्या दुप्पट हर्ट्झचा उपसूर) आणि त्याच्या वरच्या हार्मोनिकांवरून. मूळ सूर कमी पडला तरी कान तो भरून काढतो. अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बास अँप 1969 मध्ये आला. त्याचा 10 इंची आठ स्पीकरांचा बंद बॉक्स आजही रॉक बासच्या आवाजाचं माप मानला जातो. त्याचा 810ई हा बॉक्स 58 हर्ट्झलाच 3 डेसिबलने उतरलेला असतो आणि 40 ला 10 डेसिबलने. म्हणजे ज्या आवाजाला सगळे 'जाड' म्हणतात त्यात मोकळ्या ई तारेचा मूळ सूर फारच थोडा आहे. जाडी 80 ते 250 च्या पट्ट्यात आहे आणि सूर ओळखू येतो तो 400 ते 800 मध्ये. बॉक्स निवडताना मी आता याच पट्ट्यांकडे कान देतो. दुकानात एकट्याने वाजवताना जो बॉक्स जमीन हादरवतो तोच बँडमध्ये किक ड्रमच्या पोटात विरघळून जातो.

घरच्या ईक्यूचंही (बास, मिडल, ट्रेबलच्या नॉबांचं) तेच. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच ते मोजून दाखवलं. घरी हळू आवाजात बासचा नॉब वर, मिडल खाली, ट्रेबल वर असं छान वाटतं. तेच सेटिंग स्टेजवर मोठ्या आवाजात घुमतं आणि नेमका जो भाग गिटारच्या वर उठून ऐकू यायला हवा तोच कापलेला असतो. आता बासचा नॉब मध्यावर, 250 हर्ट्झच्या आसपास थोडं कमी, 600 च्या आसपास थोडं जास्त, ट्रेबल जागच्या जागी. एकटा वाजवताना हा आवाज थोडा नाकातला वाटतो. गिटार सुरू झाल्या की तो बरोबर बसतो.

दोन बॉक्स कसे ठेवायचे यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त फायदाही तिथेच झाला. एकावर एक, उभे. आडवे शेजारी ठेवले की दोन स्पीकरांचे मधले सूर बाजूला जाताना एकमेकांना खातात. समोर उभ्या माणसाला ठीक ऐकू येतं, दोन पावलं सरकलेल्या कीबोर्डवाल्याला नाही. उभे ठेवले की वरचा स्पीकर माझ्या छातीजवळ येतो, कान जवळ येतो आणि आवाज आडवा छान पसरतो. आवाज एका काट्यानेही न वाढवता मला स्वतःचं बोट ऐकू यायला लागलं. बासवाला स्वतःला ऐकू न आल्यामुळेच आवाज वाढवत जातो, मग गिटार वाढते, मग गायक मॉनिटर वाढवून मागतो आणि साउंडवाल्याच्या हातात काही उरत नाही.

भिंतीपासूनचं अंतरही महत्त्वाचं. बासचे खालचे सूर बॉक्सच्या मागेही तेवढेच जातात, मागच्या भिंतीवर आपटून परत येतात. बॉक्सचं तोंड भिंतीपासून 1 मीटरवर असेल तर 86 हर्ट्झच्या आसपासचा परत आलेला आवाज उलट्या फेजमध्ये (लाटेच्या उलट टप्प्यावर) येऊन मिसळतो आणि तो पट्टा खचतो. म्हणजे ई तारेचा दुसरा हार्मोनिक, ज्यावर सगळी भिस्त! एका हॉलमध्ये मोकळी ई आणि पहिल्या फ्रेटचा एफ पोकळ वाजत होते, बाकी सगळं ठणठणीत. बॉक्स मागे ढकलून पाठ भिंतीला जवळजवळ टेकवली आणि दोन्ही सूर जागेवर आले. जवळ नेल्यावर तो खड्डा वरच्या हर्ट्झकडे सरकतो, जिथे बॉक्स बराचसा पुढेच फेकतो, म्हणून त्रास होत नाही. ईक्यूने हा खड्डा भरत नाही, कितीही बास वाढवा. आधी बॉक्स हलवायचा, मग नॉबला हात.

लाकडी पोकळ स्टेजवर खालच्या बॉक्सखाली जाड फोमची पट्टी घालतो. फळ्यांची गुरगुर बरीच कमी होते.

हेडबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि हीच त्याची तारीफ. वजन 3 किलोच्या आत, बॅगेच्या कप्प्यात मावतं. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप ओव्हरड्राइव्ह होताना जो सुंदर दबतो तसं हे दबत नाही. मर्यादा आली की लिमिटर (आवाज वाढू न देणारं सर्किट) लागतो आणि आवाज एकदम सपाट होतो. म्हणून थोडी पॉवर हाताशी राखून वाजवावं. तक्रार एकच, पंख्याची. शांत गाण्यात तो ऐकू येतो. स्पीकरची केबल मात्र स्पीकॉन कनेक्टरचीच घ्या, लॉक होते आणि पाय अडकला तरी निसटत नाही. गिटारची केबल स्पीकरला कधीच लावू नका. आतली तार बारीक असते, एवढा करंट ती पेलत नाही.

हेडच्या डीआयवर (बासचा सिग्नल थेट साउंडवाल्याकडे नेणारं आउटपुट) 'प्री' आणि 'पोस्ट' असं, म्हणजे नॉबांच्या आधीचा की नंतरचा सिग्नल पाठवायचा ते ठरवणारं, बटण असतं. ते प्रीवर ठेवा. पोस्टवर असलं की स्टेजवर तुम्ही फिरवलेला प्रत्येक नॉब हॉलमधल्या मोठ्या स्पीकरांत जातो. साउंडवाल्याने बसवलेला आवाज तुम्ही मधल्या गाण्यात बिघडवता आणि त्याला कळतही नाही का बिघडला. पेडलं हेडच्या आधी असल्यामुळे ती प्रीमध्येही जातातच. हम (सततची घुंघुं) आला तर ग्राउंड लिफ्ट (जमिनीचा जोड सोडणारं बटण) दाबून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आता पेडलं. यातलं एकच ठेवायची वेळ आली तर मी हाय-पास फिल्टर ठेवीन. नाव ऐकून कुणाला उत्साह येत नाही, कारण तो आवाजात काही भरत नाही, फक्त काढतो. पण तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायला कोनला चौपट हलावं लागतं. पोर्ट (हवेसाठीचं भोक) असलेल्या बॉक्समध्ये तर पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली हवेचा आधारच सुटतो आणि कोन मोकाट पुढेमागे फडफडतो. हाताचा तळवा तारांवर आपटला, पिकअपवर अंगठा घासला की 20-25 हर्ट्झचे धक्के जातात. ऐकू काहीच येत नाही, पण कोन हलतो आणि हेडची पॉवर त्यात जाते. जाळी काढून पाहिलं तेव्हा नुसता अंगठा पिकअपवर टेकवला तरी कोन बोटभर हलताना दिसला. फिल्टर 40 हर्ट्झवर आणला आणि कोन जवळजवळ स्थिर झाला. आवाजात फरक ऐकायचा म्हटला तर ऐकू येत नव्हता. पण त्या दिवसापासून तेवढ्याच नॉबवर सेटअप मोठा आणि स्वच्छ वाजतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये मी फिल्टर 60 पर्यंतही नेतो.

कॉम्प्रेसर 4:1 वर (मर्यादेवरच्या 4 डेसिबलचा 1 होतो), अटॅक (दाबायला लागायचा वेळ) थोडा हळू, म्हणजे बोटाचा पहिला ठोका निसटून जातो आणि मागचा सूर सावरला जातो. मीटरवर 4-5 डेसिबलपेक्षा जास्त दबू देत नाही. जास्त दाबलं की बँडमध्ये बास मागे जातो.

ड्राइव्ह घेताना ब्लेंडचा (मूळ आवाज मिसळायचा) नॉब आहे का ते आधी पाहा. नसेल तर पुढचं पाहू नका. क्लिपिंग झालं (सिग्नलचे माथे कापले गेले) की खालचा भाग पातळ होतो; ब्लेंडने मूळ स्वच्छ आवाज सोबत राहतो आणि ड्राइव्ह वरून काठासारखा येतो. ड्राइव्ह लावताना बॉक्सच्या ट्वीटरचा (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा) नॉब खाली घ्या, नाहीतर सगळी फर्रफर्र तिथून बाहेर येते.

ऑक्टेव्ह मला फार प्रिय आहे, पण त्याला मर्यादा आहे. बॉस कंपनीचं ओसी-2 हे ऑक्टेव्ह पेडल 1982 पासूनचं, आणि तो जुना अ‍ॅनालॉग आवाज आजही लोक शोधतात. मोकळ्या ई तारेचं खालचं सप्तक 20.6 हर्ट्झवर येतं. ते कुठल्याही गिग बॉक्समधून निघणार नाही आणि पेडलही तिथे चाचपडतं. ए तारेच्या सातव्या फ्रेटपासून वर वाजवा. तिथून खालचं सप्तक 41 पासून सुरू होतं आणि सिंथसारखा भरीव आवाज मिळतो. ते कॉम्प्रेसरच्या आधी ठेवलंय, कारण न दाबलेला सिग्नल त्याला नीट ओळखता येतो.

पेडलांना वीज देताना काटकसर करू नका. एकाच अडॅप्टरला साखळीने सगळी जोडली होती तेव्हा एका डिजिटल पेडलमुळे बारीक किणकिण सगळीकडे येत होती. प्रत्येकाला वेगळं आयसोलेटेड (एकमेकांपासून तोडलेलं) आउटपुट दिल्यावर ती गेली.

सरावाला आणि लहान क्लबला मी एकच बॉक्स नेतो, स्टुलावर ठेवून किंवा मागे कलता करून, म्हणजे स्पीकर गुडघ्यांकडे न बघता कानाकडे बघतो. चार तारांच्या बासला तेवढा पुरतो. पाच तारांचा बास असेल तर मात्र दोन्ही न्या: बी तार 31 हर्ट्झची, तिचा दुसरा हार्मोनिक 62 वर येतो, आणि तिथे मोठ्या आवाजात एकट्या 12 इंची स्पीकरची दमछाक होते.