गंजलेली आरएक्स १०० की तयार केलेली?

नागपूरच्या धरमपेठेतला माझा भाचा अडून बसलाय. मागतात ती किंमत मोजून यामाहाची जुनी मोटरसायकल आरएक्स १०० बंद पडलेली घ्यावी, की कुणी दुरुस्त करून, रंगवून तयार केलेली?

पैशांत बंद गाडीच महाग पडते. इंजिनातलं बोअर-क्रँकचं काम, क्रोम, वायरिंग, सगळ्याचा खर्च धरा. उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, अस्सल पार्ट शोधत फिरावं लागतं. तयार गाडीत मात्र रंगाखालचं दिसत नाही. टाकीत टॉर्च मारा. आत तांबूस पापुद्रे दिसले तर ती सोडाच. कागद दोन्हीकडे सारखेच बघायचे: इंजिन-चेसिस नंबर आरसीशी जुळावेत, १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असावं. नंबर घासलेली गाडी फुकटातही नको रे बाबा.

हात काळे करायची हौस आणि वर्षभराचा धीर असेल तर बंद गाडी घे, भाव पाडूनच. रविवारी फुटाळा तलावाला चक्करच मारायची असेल तर तयार घे.