शिकाऊ उमेदवारी की पदवी: माझं कशावरून ठरलं

डॉक्टर किंवा संशोधक व्हायचं असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे विद्यापीठाला पर्याय नाही. तुलना उरते ती मधल्या मोठ्या पट्ट्यासाठी: यंत्रकाम, वीज, बांधकाम, हिशेब, बरंचसं सॉफ्टवेअर. उमेदवारीत फी वाचते, वर विद्यावेतन मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

मी दोन्हीकडे राहिलो आहे. आधी यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात, मग ते सोडून एका टर्नरच्या, म्हणजे लेथवर धातू कापून घडवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली. कॉलेज वाईट नव्हतं. शिक्षक चांगले, ग्रंथालय त्याहून चांगलं. मला जाच व्हायचा तो एकाच गोष्टीचा: निकाल कळायचा, चूक कळायची नाही. पेपर द्यायचा, गुण लागायचे ते काही आठवड्यांनी, तोवर पुढच्या सेमिस्टरचे विषय सुरू झालेले. नापास झालेला निदान पुन्हा पुस्तक उघडतो. साठ टक्के मिळवणाऱ्याचं काय? उरलेल्या चाळिसांत आपल्याला नेमकं काय समजलं नव्हतं, हे त्याला कोणी सांगत नाही आणि खरं तर तोही विचारत नाही.

वर्कशॉपमध्ये ही पळवाट नव्हती. शेजारच्या लेथवरच्या मुलाने १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब (घडवायचा तुकडा) उतरवला, गरम असतानाच मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घेणारं साधन, लावला, माप चोख. गार झाल्यावर उस्तादांनी तोच जॉब मोजला आणि भंगारात टाकला. पोलाद २० अंशांनी निवलं की तेवढ्या व्यासात साधारण ०.०२ मिलिमीटर आकसतं आणि ड्रॉइंगवर मापात चालणाऱ्या फरकाची मर्यादा त्याहून कमी होती. प्रसरणाचं सूत्र आम्हा दोघांनाही पाठ होतं! उस्तादांनी कारणबिरण सांगितलं नाही, "गार होऊ दे, मग मोज," एवढंच. कारण पुस्तकात होतं, हे कॉलेजच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण चूक आणि तिची जाणीव यांत जेमतेम तासाचं अंतर होतं, आणि माझ्यासारख्याला तेच मानवलं.

पदवीच्या बाजूचा खरा वजनदार मुद्दा वेगळाच आहे. शिक्षणाचे अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांनी ११ देशांची आकडेवारी तपासून २०१७ मध्ये मांडलं, की व्यवसायशिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी सहज मिळते, पण वय वाढेल तशी ही आघाडी ओसरते. तंत्र बदललं की एकाच कामात मुरलेला माणूस अडतो. हे मला पटतं. पन्नाशीतले असे कारागीर मी पाहिले आहेत. मात्र यावर उपाय नाही असंही नाही. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत असतो. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन-तृतीयांश मुलं याच वाटेने जातात, आणि त्यांतल्या ज्यांना हवं त्यांना जादा परीक्षा देऊन पुढे उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात जाता येतं. ब्रिटनमध्ये २०१५ पासून पदवीसह अप्रेंटिसशिप आहे. म्हणजे आधी काम, मग पदवी, हा क्रम बसतो. उलटा क्रमही बसतो म्हणा, पण पदवीनंतर पुन्हा शिकाऊ व्हायला माणूस सहसा तयार नसतो.

प्रत्येकाला उमेदवारी मानवेलच असं नाही. आपल्याला नेमकं काय आवडतं हे अजून उमगलं नसेल, तर कॉलेजची तीन-चार वर्षं वाया जात नाहीत. आणि शिकाऊच्या नावाखाली स्वस्तात मजूर राबवणारेही असतात. म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: शेवटी मिळणारं प्रमाणपत्र दुसऱ्या कंपनीत चालतं का, आणि माझं काम रोज कोण तपासणार? दुसऱ्या प्रश्नावर एखाद्या माणसाचं नाव सांगितलं गेलं, तर मी तरी विद्यापीठाचा अर्ज थोडा लांबवेन. "आमच्याकडे सगळेच शिकवतात" असं उत्तर आलं, तर कॉलेज बरं.