जॅझ गिटारसाठी रॅट २ पेडल: गेन कमी, फिल्टर जास्त, बाकी सगळं उजव्या हातात

जॅझ वाजवणाऱ्याला डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी पायाने चालवायची डबी, लागतंच कशाला, असं ठाण्यात मला ज्या ज्या लोकांनी विचारलंय त्या सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहितेय. प्रोको कंपनीचं रॅट २ बरेच महिने माझ्या पेडलबोर्डवर आहे, घरी वाजवलंय, जॅमरूममध्ये वाजवलंय, एका कॅफेत ड्रम्ससोबतही वाजवलंय. निकाल आधीच सांगते, पेडल मस्त आहे, पण जॅझला उपयोगी पडेल असा त्याचा भाग फार छोटा आहे आणि तो सापडला नाही तर तुम्ही ते महिन्याभरात विकून टाकाल.

माझी गिटार सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ, तारांचा आवाज पकडणारे दोन हंबकर पिकअप, तारा फ्लॅटवाउंड, ११ च्या जाडीच्या. फ्लॅटवाउंडचा एक फायदा आपल्याकडे वेगळाच आहे, ठाण्याच्या पावसाळ्यात साध्या राउंडवाउंड तारा बघता बघता गंजून खरखरीत होतात, फ्लॅटवाउंडच्या गुळगुळीत पट्टीत घाम आणि मळ तेवढा अडकत नाही म्हणून त्या जास्त टिकतात. घरी छोटा ट्रान्झिस्टर अँप आणि बाहेर बहुतेक वेळा रोलंडचा जेसी-१२०, कारण जॅमरूमवाले तोच ठेवतात. खाली जे सांगतेय ते या सेटअपवरचं आहे, तुमचा टेलिकास्टर, म्हणजे भरीव लाकडाची गिटार असेल तर नॉब थोडे इकडेतिकडे होतील.

रॅट बनलं अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅलमॅझू गावात, १९७० च्या दशकाच्या शेवटी. मला यातली आवडणारी गोष्ट म्हणजे गिब्सनची जुनी फॅक्टरीही याच गावात होती, जॅझ गिटारिस्ट वेस माँटगोमेरीचा एल-५ काय, ईएस-१७५ काय, जॅझ गिटार म्हटल्यावर जो गोल आवाज कानात येतो तो घडवणारी गिटारं तिथलीच. त्यामुळे हे पेडल फक्त मेटलवाल्यांचं आहे असं मला कधी वाटलंच नाही. आणि जॅझ गिटारिस्ट जॉन स्कोफिल्ड, जो १९८२ ते ८५ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता, त्याच्या पायाखाली रॅट कित्येक वर्षं आहे, इबानेझची सेमी-हॉलो आणि त्याच्यापुढे रॅट. त्याचं एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका, डिस्टॉर्शन चालू असतानाही प्रत्येक सुराला सुरुवात आहे, कडा आहे, आणि स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती चाल, कुठेही हरवत नाही. कसं, तेच तर सगळं आहे.

स्विंग म्हणजे नुसते लांब-आखूड अर्ध्या मात्रेचे सूर नाहीत. ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे जोर, मधले काही सूर अर्धवट गिळलेले, ज्याला घोस्ट नोट म्हणतात ते, आणि या मोठ्या-छोट्याच्या फरकातून ती चाल तयार होते. आता डिस्टॉर्शन काय करतं, मोठा आवाज छाटतं. रॅटमध्ये डायोड सरळ ग्राउंडला लावलेत, ठराविक उंचीच्या वरचं सगळं सपाट कापलं जातं, म्हणजे जोरात मारलेला सूर आणि हळू मारलेला सूर जवळजवळ सारखेच बाहेर येतात. गेन, म्हणजे छाटणीआधी आवाज किती वाढवायचा ते, वाढवलात की जोर संपला, घोस्ट नोटसुद्धा ओरडायला लागली, आणि ड्रमर राइड झांज कितीही छान वाजवू दे, तुमची लाइन इस्त्री केल्यासारखी सपाट. लोक म्हणतात डिस्टॉर्शनने टोन खराब होतो, मला विचाराल तर टोन नंतर, आधी ठेका जातो.

म्हणून गेनचा नॉब कुठे ठेवायचा हे कानाने असं ठरवायचं: एक साधी बीबॉप (जलद जॅझची एक शैली) लाइन वाजवा, ऑफबीटला नेहमीसारखा जोर द्या. जोराचा सूर किंचित फाटला पाहिजे आणि घोस्ट नोट स्वच्छ राहिली पाहिजे. बस, ती सीमा. नॉबची खूण म्हणजे घड्याळाचा काटा धरा, माझ्या गिटारवर ती सीमा आठ आणि नऊ वाजण्याच्या मधे येते, आणि तो नॉब सात वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत फिरतो हे लक्षात घ्या, म्हणजे सुरुवातीचा अगदी थोडा भाग. पुढचं सगळं गेन जबरदस्त आहे पण आपल्या कामाचं नाही. या छोट्या पट्ट्यात मात्र रॅट कमालीचं आहे, पिकच्या जोराने सूर फाटतो आणि मनगट सैल सोडलं की परत साफ होतो, पायाने काहीही करावं लागत नाही.

जुन्या रॅटमध्ये एलएम३०८ चिप होती, नंतरच्यांत ओपी०७ येते, यावर गिटारवाल्यांमध्ये प्रचंड वाद आहेत. त्या जुन्या चिपचा संथपणा भरपूर गेन दिल्यावर जाणवतो, आपण जिथे वाजवतोय तिथे त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका.

दुसरा नॉब फिल्टर. हा नेहमीच्या टोन नॉबच्या उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की आवाज काळोखा होतो. पूर्ण डावीकडे तो जवळजवळ काहीच कापत नाही, पूर्ण उजवीकडे पावणेपाचशे हर्ट्झच्या आसपासपासून वरचं उतरवायला लागतो. बहुतेक रॉकवाले तो निम्म्याच्या खाली ठेवतात, जॅझला मी दोन-तीन वाजता ठेवते. कारण कापलेल्या सुरातून जे नवे वरचे हार्मोनिक, म्हणजे उपस्वर, तयार होतात ते जेसी-१२० सारख्या चकचकीत साफ अँपमधून मधमाशीसारखे घुंघुं करतात. इथे एक नेमकी गोष्ट सांगते. गिटारचा टोन नॉब आणि पेडलचा फिल्टर ही एकाच कामाची दोन साधनं नाहीत. गिटारचा टोन कमी केला तर पेडलमध्ये जातानाच आवाज गोल जातो, छाटणीसुद्धा गुळगुळीत होते. फिल्टर वाढवला तर आधी छाटणी होते, मग निघालेला कचरा साफ होतो. मी टोन सहावर आणते आणि बाकीचं फिल्टरवर सोपवते, दोन्ही टोकाला नेले तर सूर उशीखाली दाबल्यासारखा येतो.

पेडलवर गेन, फिल्टर आणि व्हॉल्यूम असे तीन नॉब, पण गिटारचा व्हॉल्यूम नॉब हा खरंतर या पेडलचा चौथा नॉब. थीम वाजवताना तो सातवर, सोलोला दहावर. सातवर आलात की रॅट जवळजवळ साफ होतं आणि थोडी ट्रेबलही जाते, ती मला हवीच असते.

आता हात. पेडल घेतल्यावर उजव्या हाताची जागा बदलावी लागते आणि हे कुणी सांगत नाही. ब्रिजजवळ पिक मारलं तर वरचे हार्मोनिक भरपूर, आणि रॅट त्यांनाच पकडून ताणतं, म्हणून कर्कश वाटतं. पिकअपच्याही पुढे, फ्रेटबोर्ड संपतो तिथे मारा, मूळ सूर भरीव येतो आणि छाटणी त्यालाच होते. मी एकाच लाइनमध्ये हात पुढेमागे नेते, लाइन चढत जाताना ब्रिजकडे, उतरताना गळ्याकडे. पिक छोटं आणि जाड घ्या, आणि त्याचं टोक नाही तर गोल खांदा वापरून बघा. अंगठ्यानेही छान होतं, वेस माँटगोमेरी अंगठ्यानेच वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती सवय लागली असं सांगतात, आपल्या बिल्डिंगमधल्या भिंती बघता हे कारण कुणालाही पटेल. अंगठा आणि हलकं रॅट म्हणजे अष्टकं, म्हणजे ऑक्टेव्ह, फार सुंदर वाजतात.

डावा हात जास्त बोलायला लागतो. पेडलने सुराची शेपटी लांब होते, त्यामुळे हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ, म्हणजे पिक न मारता डाव्या बोटाने आपटून किंवा ओढून काढलेले सूर, खणखणीत ऐकू येतात, एकदा पिक मारून तीन-चार सूर ओढता येतात आणि सॅक्सोफोनवाला एका श्वासात घेतो तसं वाक्य बनतं. पण न वाजणाऱ्या ताराही बोलायला लागतात. तर्जनीने वरच्या तारा हलक्या झाकायच्या आणि उजव्या तळव्याच्या कडेने खालच्या, ही सवय लावून घ्या, नाहीतर प्रत्येक सुरामागे कचरा येणार. साफ टोनवर ज्यांचं वाजवणं नीटनेटकं वाटतं त्यांचंही इथे उघडं पडतं, आणि हा मला पेडलचा मोठा गुण वाटतो.

कॉर्ड्सचं मात्र जपून. चार-पाच सुरांचे जॅझ कॉर्ड रॅटमधून चिखल होतात. आमच्या मजल्यावर एक काकू हार्मोनियम शिकवतात, एकदा दारात थांबून म्हणाल्या, "अगं, दोन सूर लावलेस ना आत्ता, त्याच्या खाली तिसराच कुठलातरी बेसूर घुमत होता, तो कसला?" बरोबर ऐकलं होतं त्यांनी. छाटणीतून जाताना दोन सुरांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. षड्ज-पंचम वाजवा, २२० आणि ३३० हर्ट्झ धरा, फरक ११०, म्हणजे बरोबर खालचा षड्ज, म्हणून पंचम भरदार वाटतो. आता २२० वर गिटारचा शुद्ध गंधार घ्या, तो आहे २७७.२ च्या जवळ, फरक ५७.२, आणि त्या जागी षड्ज असतो ५५ ला, म्हणजे एका फ्रेटच्या अर्ध्याहूनही जास्त चढलेला असा एक तिसराच सूर खाली घुमत राहतो. तानपुऱ्यातून ऐकू येतो तो गंधार २७५ ला बसतो, तो घेता आला असता तर फरक नेमका ५५ आला असता, पण फ्रेट तो देत नाहीत. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पेटीचंच दुखणं, फक्त तुझ्याकडे मोठ्याने ऐकू येतं."

म्हणून मी रॅट चालू असताना कॉर्ड दोनच सुरांत मांडते, मूळ सूर आणि सातवा, नाहीतर अष्टक, नाहीतर पंचम, आणि बाकीची हार्मनी बेसवाला आणि पियानो बघतात. ट्रायोत पियानो नसेल तर कॉर्डच्या जागी पेडल बंद. तिसरा आणि सातवा एकत्र लावले की रखरखीत होतं, पण डॉमिनंट कॉर्डवर, म्हणजे मूळ कॉर्डकडे परत ओढणाऱ्या कॉर्डवर, ताण हवा असेल तिथे तो रखरखीतपणा मुद्दाम वापरण्यासारखा आहे.

बाकी पेडलांचं थोडक्यात. रॅट सगळ्यात आधी, त्यानंतर व्हॉल्यूम पेडल, मग कोरस (आवाज दाट करणारं), मग डिले (प्रतिध्वनी देणारं), शेवटी रिव्हर्ब (खोलीची घुमणूक देणारं). व्हॉल्यूम पेडल रॅटच्या आधी ठेवलं तर पायाने गेन कमीजास्त होतं, नंतर ठेवलं तर फाटका आवाज तसाच राहून फक्त लहानमोठा होतो, मला दुसरं आवडतं कारण गेन मी हाताने सांभाळते. कोरस रॅटच्या आधी लावू नका, डुगडुग होतं. डिले अ‍ॅनालॉग असेल तर उत्तम, त्याची पुनरावृत्ती मळकट होत जाते आणि मूळ लाइनच्या मागे राहते, मिक्स इतकं कमी ठेवा की बंद केल्यावरच कळावं की चालू होतं.

ट्यूब स्क्रीमर हे दुसरं प्रसिद्ध पेडल का नाही, हाही प्रश्न येतो. ते जास्त सभ्य आहे, छाटणी मऊ, पण त्यात खालचे सूर कमी गेन घेऊन जातात आणि मधला भाग फुगतो. जॅझ गिटारवर आधीच मध्य भरपूर असतो, माझ्या हंबकरवर ते नाकातून गायल्यासारखं होतं. स्ट्रॅटोकास्टर गिटारवाल्यांनी मात्र तेच आधी बघावं.

आता पॉवर. वागळे इस्टेटमध्ये गाळ्यात एक जॅमरूम आहे, मी नाव घेत नाही, बाजूला मशिनं चालतात आणि अर्थिंगची बोंब आहे, तिथे पेडल लावलं की घुमणं सुरू. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि गिटारचा खालचा जी, सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा, आहे ९८. म्हणजे तो सूर लावला की घुमण्याबरोबर सेकंदाला दोन असे हेलकावे ऐकू येतात, बॅलडमध्ये जी वर थांबायचं असेल तर वेड लागतं. रॅट हे घुमणं तयार करत नाही, आलेलं मोठं करतं. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून सगळी पेडलं जोडण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळं आयसोलेटेड आउटपुट देणारा सप्लाय घ्या, ९ व्होल्ट, मधला पिन निगेटिव्ह. आणि अशा खोलीत जायचं असेल तर रॅटसाठी सरळ ९ व्होल्टची बॅटरी टाका, आवाजात लगेच फरक पडतो. फक्त वाजवून झाल्यावर केबल काढायची, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

घेताना दुकानात वाजवून घ्या आणि स्वतःची गिटार घेऊन जा. मी वाशीला गेले होते, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने सरळ जाता येतं, फक्त गर्दीच्या वेळेला गिटार घेऊन दहा नंबरच्या फलाटावर उभं राहू नका. दुकानातला मुलगा मदत करणारा होता, पण पेडल लावून त्याने सवयीने गेन बारा वाजता ठेवून दिला, सगळे तसंच करतात. तुम्ही तो खाली आणा, फिल्टर वर घ्या, अँप साफ ठेवा, दुकानातली गिटार ठेवून स्वतःची जोडा आणि घाई न करता वर सांगितलेली लाइन वाजवा. जोराचा सूर फाटतो आणि घोस्ट नोट साफ राहते, असं झालं तर घ्या.

पूर्ण पोकळ, फुगीर पुढच्या पाटाची आर्चटॉप गिटार असेल आणि ड्रमशेजारी वाजवायचं असेल तर मी घेऊ नका म्हणेन, थोड्या गेनलाही फीडबॅक, म्हणजे अँपच्या आवाजाने गिटारच शिट्टी मारायला लागणं, सुरू होतो आणि लक्ष सगळं तिकडेच जातं. सेमी-हॉलोमध्ये मधे लाकडाचा ठोकळा असतो म्हणून ती सांभाळून घेते. ज्यांना फक्त कॉर्ड मेलडी, म्हणजे धून आणि कॉर्ड एकत्र, एकट्याने, साफ टोनमध्ये वाजवायचंय त्यांनीही हे पैसे चांगल्या तारा आणि सेटअपवर घालावेत. पण ट्रायोत, पियानो नसताना, लांब सूर हवा असेल आणि हातावर मेहनत करायची तयारी असेल तर डोळे झाकून रॅट घ्या. पाचपैकी साडेचार, अर्धा यासाठी कापला की गेनच्या त्या छोट्या पट्ट्यात नॉब एक केसभर सरकला तरी टोन बदलतो, म्हणून माझ्या पेडलवर पांढऱ्या मार्करने खूण केलेली आहे, तुम्हीही पहिल्याच दिवशी करून ठेवा.